शाईची किंमत आणि यंत्राची मालकी

घरगुती प्रिंटरविषयीची तक्रार बहुतेक घरांत दोन सुट्या वाक्यांत मांडली जाते: प्रिंटर ऐन वेळी दगा देतो आणि शाई परवडत नाही. पहिल्या वाक्यात दोष यंत्राला दिला जातो, दुसऱ्यात बाजाराला, आणि या दोहोंचा परस्परसंबंध काय हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की या दोन्ही तक्रारी एकाच व्यवस्थेतून जन्मतात. यंत्र स्वस्तात विकून त्याच्या खाद्यावर नफा कमावणारी ही व्यवस्था छापील पान महाग करतेच, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूवरील त्याची मालकीच ती हळूहळू पोकळ करते, आणि म्हणून तिचा विचार घरखर्चाच्या वहीपुरता ठेवून भागणार नाही.

प्रथम यंत्राकडे पाहणे आवश्यक आहे, कारण व्यवस्थेची बीजे यंत्राच्या रचनेतच आहेत. घरात सामान्यतः असतो तो इंकजेट प्रिंटर, म्हणजे शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर फेकून अक्षर उमटवणारे यंत्र. हे थेंब फेकण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत केसाहूनही बारीक छिद्रामागे, ज्याला नोझल म्हणतात, एक चिमुकला तापक असतो. तो काही मायक्रोसेकंदांत तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, शाईचा वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि त्याच्या रेट्याने थेंब बाहेर पडतो. दुसरीत विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या, पीझो नावाच्या स्फटिकाच्या हालचालीने थेंब ढकलला जातो. पहिल्या पद्धतीचा शोध जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली लागला असे सांगतात, आणि त्यामागचा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे: शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक चुकून लागले आणि सुईतून शाई उडाली. पुढे दोनच वर्षांत अमेरिकेत एचपीच्या संशोधकांना स्वतंत्रपणे तेच तत्त्व गवसले आणि १९८४ साली त्यांचा थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आला.

या तापणाऱ्या छिद्रांची एक अडचण होती. सततच्या उष्णतेने आणि शाईच्या करपण्याने ती झिजत, चोंदत. अभियंत्यांनी त्यावर काढलेला उपाय असा की छिद्रांची पट्टी, म्हणजे प्रिंटहेड, शाईच्या डबीलाच, जिला कार्ट्रिज म्हणतात, जोडावी आणि शाई संपली की दोन्ही एकदमच बदलावीत. तांत्रिक दृष्टीने हा उपाय प्रामाणिक होता आणि त्या काळात शहाणपणाचाही होता, कारण दर खेपेस ग्राहकाला कोरे, न चोंदलेले हेड मिळे. परंतु याच उपायामुळे शाई ही दौतीतून ओतण्याची वस्तू न राहता एका बंद, पेटंटने संरक्षित सुट्या भागाच्या पोटात गेली, आणि ज्या क्षणी ती तेथे गेली त्या क्षणी तिचा भाव शाईच्या उत्पादनखर्चाशी बांधलेला राहिला नाही. येथपर्यंतचा प्रवास अभियांत्रिकीचा आहे. येथून पुढचा व्यापाराचा आहे.

अविश्वसनीयतेचे मूळही याच रचनेत आहे. इंकजेटची शाई बहुतांशी पाणीच असते. त्यात रंगद्रव्य, ग्लायकोलसारखे सावकाश सुकणारे द्रावक आणि बुरशीरोधक पदार्थ मिसळलेले असतात. या शाईकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात: कागदावर पडताच ती सुकावी आणि छिद्राच्या तोंडाशी मात्र आठवडेच्या आठवडे ओली राहावी. कचेरीत, जेथे यंत्र दिवसभर चालते, तेथे हा विरोध जाणवत नाही. घरात प्रिंटर चालतो तो मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी, परीक्षेच्या प्रवेशपत्रासाठी, एखाद्या सातबाराच्या उताऱ्यासाठी, आणि दोन वापरांमध्ये कधी कधी महिनाही जातो. काम संपल्यावर हेड उजव्या कोपऱ्यातील आपल्या जागी जाऊन एका रबरी टोपीवर बसते व त्यामुळे छिद्रांना हवा लागत नाही. परंतु प्रिंटरचे स्वतःचे बटण न दाबता भिंतीवरचा स्विच बंद करण्याची जी सवय आपल्याकडे सर्रास आहे, तिच्यामुळे, किंवा मध्येच वीज गेल्यामुळे, हेड वाटेतच उघडे राहते आणि शाई सुकू लागते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात हे फार लवकर घडते. उलट कोकणातील पावसाळ्यात कागद हवेतील ओल शोषून घेतो, त्याच्या कडा वळतात, दोन-तीन पाने एकमेकांना चिकटून एकदम आत ओढली जातात आणि ज्याला सगळे ‘पेपर जॅम’ म्हणतात तो प्रकार घडतो. या अडचणी नैसर्गिक आहेत. त्यांत कोणाचा कट नाही, हे मान्य केले पाहिजे.

मात्र या अडचणींवरचा उपाय कोणाच्या खर्चाने होतो, हे पाहण्यासारखे आहे. चोंदलेली छिद्रे मोकळी करण्यासाठी यंत्र ‘हेड क्लीनिंग’ करते, म्हणजे छिद्रांतून शाई जोराने ओढून बाहेर टाकते. ही शाई कागदावर जात नाही. ती यंत्राच्या तळाशी असलेल्या नमद्यासारख्या जाड शोषक पट्ट्यांत मुरते. अनेक प्रिंटर सुरू होतानाच अशी सफाई आपण होऊन करतात. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने २०१३ साली अधूनमधून होणाऱ्या घरगुती वापराची नक्कल करून चाचण्या घेतल्या, तेव्हा अनेक मॉडेलांत निम्मी किंवा त्याहूनही अधिक शाई कागदापर्यंत पोचतच नाही असे आढळले. ज्या घरात महिन्याला दहा पाने छापली जातात, त्या घरात विकत घेतलेल्या शाईचा मोठा भाग अशा रीतीने यंत्राच्या पोटात जिरतो. त्यातही शेवटचा भाग असा की त्या शोषक पट्ट्या भरत आल्याचा हिशेब यंत्रातील एक मोजणी ठेवते आणि ती मर्यादेला पोचली की धडधाकट दिसणारा प्रिंटर काम करण्याचे थांबवतो; पट्ट्या बदलून मोजणी शून्यावर आणणे हे दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीने फार मोठे काम नसते, तरीही सामान्य ग्राहकाला ‘प्रिंटर संपला, नवा घ्या’ हाच सल्ला बहुधा मिळतो.

आता शाईच्या भावाकडे वळू. स्वस्त गटातील काही प्रिंटरच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम चार-पाच मिलिलिटर शाई असते. म्हणजे चहाचा एक चमचा तिने कसाबसा भरेल. अशा कार्ट्रिजची किंमत आठशे रुपये आणि तीत चार मिलिलिटर शाई असे धरले, तर एका मिलिलिटरला दोनशे रुपये आणि लिटरला दोन लाख रुपये असा भाव पडतो. त्याच वेळी, बाटलीतून शाई ओतायच्या टाकीच्या प्रिंटरसाठी ६५ मिलिलिटरची काळ्या शाईची बाटली मिळते. ती चारशे रुपयांना धरली तर मिलिलिटरला साधारण सहा रुपये पडतात. दोन्ही शाया एकाच जातीच्या तंत्रासाठी बनवलेल्या, एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या, आणि भावात तीसपटीहून अधिक फरक. कार्ट्रिजमध्ये प्रिंटहेडही असते आणि त्याचा खर्च खरा आहे, हे लक्षात घेऊनही हा फरक केवळ उत्पादनखर्चाने समजावून देता येत नाही. शिवाय तीन रंगांच्या एकत्रित कार्ट्रिजमध्ये पिवळा आधी संपला तर उरलेले निळा आणि किरमिजी फेकावे लागतात, आणि नव्या प्रिंटरसोबत खोक्यात येणारी कार्ट्रिज अनेकदा कमी भरलेली असते, हेही हिशेबात धरावे लागते.

या व्यापारपद्धतीला अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘वस्तरा आणि पाते’ असे नाव आहे: वस्तरा जवळजवळ फुकट द्यावा आणि पात्यांवर कमवावे. तिचे जनकत्व किंग जिलेट यांना दिले जाते. परंतु शिकागो विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रॅन्डल पिकर यांनी दाखवून दिले आहे की १९०४ साली मिळालेले पेटंट हाती होते तोवर जिलेट यांनी आपला वस्तरा पाच डॉलरला, म्हणजे त्या काळी चांगल्याच चढ्या भावाने विकला, आणि १९२१ साली पेटंटची मुदत संपल्यावर व स्पर्धक आल्यावरच तो स्वस्त केला. ही दुरुस्ती केवळ इतिहासाच्या हौसेची नाही. तिच्यातून असे दिसते की वस्तरा स्वस्त देण्याने आपोआप काहीच साधत नाही; जोवर कोणीही त्या वस्तऱ्यात बसणारे पाते बनवू शकतो, तोवर पात्याचा भाव मर्यादेतच राहतो. व्यवस्था टिकते ती परके पाते वस्तऱ्यात बसू न देण्याच्या सामर्थ्यावर, आणि प्रिंटरचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास हा त्या सामर्थ्याच्या रचनेचा इतिहास आहे.

स्पर्धेने हा प्रश्न का सुटत नाही, असा आक्षेप येथे साहजिकच येईल. प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, मग त्यांतील एखादी ‘आमचे यंत्र महाग पण शाई स्वस्त’ असे सांगून सगळा बाजार का जिंकत नाही? झेवियर गॅबे आणि डेव्हिड लेबसन या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात याचे उत्तर दिले असून त्यांच्या उदाहरणांत प्रिंटर आणि त्याची शाई आहे. त्यांची संकल्पना ‘झाकलेल्या गुणधर्मां’ची आहे: खरेदीच्या क्षणी ग्राहकाला जो खर्च दिसत नाही, तो उघड करण्यात कोणत्याच विक्रेत्याचा लाभ नसतो, कारण शहाणा झालेला ग्राहक उघड करणाऱ्याकडेच येईल याची खात्री नसते, तो प्रतिस्पर्ध्याचे स्वस्त यंत्र घेऊन महाग शाई टाळण्याची युक्ती शोधेल, म्हणजे भोळ्यांच्या पैशांवर मिळणाऱ्या सवलतीचा तो फायदाच घेईल. त्यामुळे सगळेच विक्रेते गप्प राहतात. दुकानात प्रिंटर घेताना ग्राहक छपाईचा वेग, वायफाय आणि किंमत विचारतो. पानाचा खर्च विचारणारा विरळा, आणि विचारलाच तर त्याचे उत्तर खोक्यावर ठळकपणे छापलेले नसते.

या व्यवस्थेचा एक बचाव मात्र गांभीर्याने घेण्यासारखा आहे. तो असा की यंत्र स्वस्त ठेवल्यामुळे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबालाही प्रिंटर घेता येतो, आणि जो जास्त छापतो तो जास्त पैसे देतो, यात अन्याय काय? भाडेतत्त्वाचा इतिहासही या बचावाच्या बाजूने उभा करता येईल: १९५९ साली आलेले झेरॉक्स ९१४ हे पहिले यशस्वी साध्या कागदाचे छायाप्रतियंत्र कचेऱ्यांना प्रामुख्याने भाड्याने दिले जाई आणि ठरलेल्या संख्येपुढील प्रत्येक प्रतीमागे आकार घेतला जाई. पानामागे पैसे घेण्यात मुळात वाईट काही नाही. पण झेरॉक्सच्या करारात दर लिहिलेला होता, यंत्र कंपनीचे होते आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारीही कंपनीची होती. घरगुती प्रिंटरच्या बाबतीत दर अलिखित आहे, यंत्र ग्राहकाच्या नावावर आहे आणि बिघाडही त्याच्याच नावावर आहे. ‘जास्त छापणारा जास्त देतो’ हेही घरात खरे ठरत नाही. जास्त छापणारा माणूस टाकीच्या किंवा लेझर प्रिंटरकडे वळतो. सर्वांत कमी छापणाऱ्याची शाई सुकते, सफाईत जाते आणि पानामागे सर्वांत मोठी रक्कम तोच मोजतो. जिच्या सोयीसाठी यंत्र स्वस्त ठेवले असे सांगितले जाते, त्या कुटुंबावरच या व्यवस्थेचा सर्वाधिक भार पडतो, आणि हाच त्या बचावातील मोठा दोष होय.

परके पाते न बसू देण्याचे साधन म्हणजे कार्ट्रिजवरची चिप, शाईची मोजणी आणि ओळख साठवणारा नखाएवढा विद्युत्परिपथ. प्रिंटर चालू होताच तो या चिपला ओळख विचारतो आणि उत्तर न पटल्यास छापण्याचे नाकारतो. अमेरिकेत लेक्समार्क या कंपनीने आपल्या लेझर प्रिंटरच्या टोनरवर, म्हणजे पुडीच्या शाईच्या डबीवर, अशी चिप बसवली आणि तिची नक्कल करणाऱ्या स्टॅटिक कंट्रोल या कंपनीवर खटला भरताना आधार घेतला तो प्रताधिकाराच्या कायद्याचा; चिपवरील ज्या प्रणालीला ग्रंथासारखे संरक्षण मागितले जात होते, तिचा आकार एका प्रकारात ३७ आणि दुसऱ्यात ५५ बाइट एवढाच, म्हणजे मराठीतील एका लहान वाक्यापेक्षाही कमी होता. २००४ साली अपील न्यायालयाने लेक्समार्कला मिळालेला मनाई हुकूम उठवला. तेरा वर्षांनंतर, मे २०१७ मध्ये, त्याच कंपनीच्या दुसऱ्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की पेटंटधारकाने वस्तू एकदा विकली की त्या वस्तूवरील त्याचा पेटंटहक्क संपतो आणि रिकामी कार्ट्रिज पुन्हा भरून विकणाऱ्याला तो पेटंटच्या नावाने अडवू शकत नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचे उदाहरण दिले: प्रत्येक सुट्या भागाचा उत्पादक जर विक्रीनंतरही हक्क सांगू लागला, तर असे दुकान चालणेच अशक्य होईल.

कायद्याने जे दार उघडले ते तंत्राने बंद करण्याचा प्रयत्न तोवर सुरू झालेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरनी, आदल्या दिवसापर्यंत मुकाट वापरलेल्या इतर कंपन्यांच्या कार्ट्रिज एकाएकी नाकारल्या. यंत्राच्या अंतर्गत प्रणालीत, जिला फर्मवेअर म्हणतात, तशी सोय आधीच करून ठेवलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि काही प्रिंटरसाठी ते बंधन काढणारी प्रणाली दिली, तरी धोरण सोडले नाही. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ग्राहकांना या निर्बंधांची पुरेशी कल्पना न दिल्याबद्दल एचपीला एक कोटी युरोंचा दंड केला. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख एनरिके लोरेस यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत भूमिका स्पष्टच केली: विकलेला प्रत्येक प्रिंटर ही कंपनीची गुंतवणूक असते, आणि ग्राहकाने पुरेसे छापले नाही किंवा कंपनीची शाई वापरली नाही तर ती गुंतवणूक वाया जाते. हे विधान प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्या वस्तूची किंमत ग्राहकाने दुकानात चुकती केली, ती वस्तू विक्रेत्याच्या हिशेबी अजून त्याचीच गुंतवणूक आहे.

चिप ही गुणवत्तेसाठी आवश्यक असते, या दाव्याची परीक्षा २०२२ च्या आरंभी अनपेक्षितपणे झाली. जगभर चिपांची टंचाई होती आणि कॅननच्या जर्मनीतील शाखेला काही कचेरी-यंत्रांसाठी चिपविरहित टोनर पाठवावे लागले. चिप नसल्यामुळे यंत्रे तेच टोनर परके समजून इशारे देऊ लागली, तेव्हा तो इशारा बाजूला सारून काम कसे चालू ठेवावे हे कंपनीनेच ग्राहकांना कळवले आणि छपाईच्या दर्जावर काही परिणाम होणार नाही असेही सांगितले. शिल्लक टोनरचा अंदाज दाखवणे एवढे एक काम तेवढे अडले. एखाद्या विरोधकाने शंभर पानांचा अहवाल लिहूनही जे सिद्ध झाले नसते, ते या एका पत्रकाने सिद्ध केले.

शाईवर छापणाऱ्याचा ताबा असणे ही काही अपूर्व मागणी नाही. ती आपल्या मुद्रणपरंपरेची जन्मखूण आहे. १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी यंत्राची जुळवाजुळव जशी स्वतः केली तशी शाईही स्वतःच खटपटीने तयार केली. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९३१ साली, दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या बनवण्यापासून जो उद्योग सुरू केला आणि जो पुढे कॅम्लिन म्हणून घराघरांत पोचला, त्याची उभारणीही याच साध्या गोष्टीवर झाली होती की कोणत्याही कारखान्याच्या लेखणीत कोणत्याही कारखान्याची शाई चालते. परदेशी बनावटीच्या फाउंटन पेनने देशी शाई नाकारली असती, तर देशी शाईचा धंदा उभाच राहिला नसता. टाइपरायटरच्या फितीबाबतही असाच मोकळेपणा होता. प्रिंटरने हा मोकळेपणा संपवला, आणि तो इतक्या गुपचूप संपला की आजच्या पिढीला शाई ही यंत्राच्या जातीची असते हे स्वाभाविकच वाटते.

तरीही ही व्यवस्था अभेद्य नाही आणि तिला पहिला तडा न्यायालयांनी दिलेला नाही. तो दिला गल्लीबोळांतील रिफिलवाल्यांनी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातील झेरॉक्सचे दुकान, तेथे कार्ट्रिजच्या वरचे लेबल अलगद सोलून, खालच्या भोकातून सिरिंजने शाई सोडणारा, मग ओल्या टिश्यूपेपरवर हेड टेकवून तिन्ही रंगांचे पट्टे सलग उमटतात का ते पाहणारा कारागीर अनेकांनी पाहिला असेल. ज्या सिरिंजच्या सुईतून हे तंत्र जन्मले असे सांगतात, तीच सिरिंज शाईला बंद डबीतून सोडवायला कामी आली. याच्या पुढची पायरी म्हणजे प्रिंटरच्या बाहेर बाटल्या बांधून बारीक नळ्यांनी शाई आत नेण्याची बाहेरची जोडणी. आशियातील अनेक देशांत ती इतकी पसरली की मूळ कार्ट्रिजची विक्रीच धोक्यात आली. इंडोनेशियात हा प्रकार जोरात होता आणि तेथेच, २०१० साली, एप्सनने स्वतः टाकी बसवलेला प्रिंटर प्रथम विक्रीस आणला: यंत्र महाग, शाई बाटलीतून ओतायची आणि स्वस्त. पुढे तो भारतात आला आणि कॅनन व एचपी यांनाही टाकीचे प्रिंटर काढावे लागले. स्वस्त शाई तंत्रदृष्ट्या अशक्य आहे, असे जे वर्षानुवर्षे भासवले गेले, ते ग्राहकांनी आणि कारागिरांनी मोडीत काढल्यावर कंपन्यांनीच खोटे ठरवले. या गोष्टीचे श्रेय जेथे द्यायचे तेथे दिले जात नाही, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवले आहे.

रिफिलच्या शाईने नुकसान होतच नाही असा याचा अर्थ नाही. हलकी शाई छिद्रे चोंदवते, फिकी पडते, कधी यंत्रात सांडते. मूळ कंपनीच्या नावाने बनावट कार्ट्रिज विकणे ही तर सरळ फसवणूक आहे आणि तिच्याविरुद्ध कारवाई झालीच पाहिजे. टाकीच्या प्रिंटरलाही शोषक पट्ट्यांच्या मोजणीचा प्रश्न आहे, आणि महिनोन्महिने न वापरल्यास त्याचेही हेड सुकते. पण परक्या शाईने बिघाड झाला तर त्याचा खर्च ग्राहकाने सोसावा, हे न्याय्य. बिघाड होईल या भीतीने यंत्रानेच ती शाई नाकारावी, हे न्याय्य नव्हे. मोटारीत कोणते ऑइल घालावे हे कंपनी सुचवू शकते. वेगळे ऑइल घातले म्हणून गाडी सुरूच होऊ नये, अशी तजवीज तिने केली तर ती कोणी चालवून घेणार नाही.

मोटारींच्या बाबतीत भारतात हा विचार झालेलाही आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांचा आणि दुरुस्तीच्या माहितीचा पुरवठा आपल्या अधिकृत साखळीपुरता अडवून ठेवल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड आकारणारा आदेश दिला. त्या आदेशाचा गाभा असा होता की गाडीचा बाजार स्पर्धेचा असला तरी गाडी घेतल्यानंतरचा सुट्या भागांचा बाजार हा स्वतंत्र बाजार असतो, आणि तेथे ग्राहक अडकलेला असतो. प्रिंटर आणि कार्ट्रिज यांना हे वर्णन जसेच्या तसे लागू पडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. परंतु उत्पादकाने माहिती द्यावी ही अपेक्षा आणि यंत्राने इतरांची शाई नाकारू नये हे बंधन, यांत मोठे अंतर आहे आणि ते अजून कापलेले नाही. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरचा उल्लेख ‘कार्ट्रिजसह’ असा आहे, म्हणजे रिकामी कार्ट्रिज हा ई-कचऱ्याच्या विचारात घेण्याजोगा पदार्थ आहे हे शासनाला मान्य आहे. मग जी चिप कार्ट्रिज दुसऱ्यांदा भरू देत नाही ती कचरा वाढवते, हा निष्कर्षही त्याने मान्य करावा.

सर्वांत सोपी सुधारणा मात्र याहून लहान आहे आणि तिला नव्या कायद्याचीही फारशी गरज नाही. वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने एकक किंमत छापण्याची तरतूद आली, त्यामुळे बिस्किटांच्या पुड्यावर ग्रॅमचा आणि तेलाच्या बाटलीवर मिलिलिटरचा भाव वाचता येतो. कार्ट्रिज ‘एक नग’ म्हणून विकली की नगाची किंमत हीच एककाची किंमत ठरते आणि नियमाचा हेतू तेथे निष्फळ होतो. कार्ट्रिजमधून किती पाने निघतात हे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक गेली अनेक वर्षे उपलब्ध आहे आणि कंपन्या त्यानुसार आकडे काढतातही. ते माहितीपत्रकात आत कोठेतरी असतात. त्याच आकड्याने कार्ट्रिजची किंमत भागून येणारा पानाचा खर्च प्रिंटरच्या खोक्याच्या दर्शनी बाजूवर किमतीएवढ्याच अक्षरांत छापणे बंधनकारक करावे, आणि ग्राहक पंचायतींनी या एका मागणीचा पाठपुरावा करावा. तोवर दुकानात गेलेल्या प्रत्येकाने यंत्राची किंमत विचारण्याआधी कार्ट्रिजचा क्रमांक, तिची किंमत आणि तीत निघणारी पाने एवढे तीन प्रश्न विचारावेत. आणि ज्याला महिन्याला दहाच पाने लागतात, त्याने आलेला आकडा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या दराशी ताडून पाहूनच यंत्र घरी आणावे.